उसाचे वाढे, व्यायला आलेली गाय आणि कॅल्शियमचा हिशेब : दुभत्या जनावराच्या आहाराबद्दल सगळं काही

कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसपट्ट्यातल्या गोठ्यांची वैरण बदलते. फडातून निघालेले हिरवे वाढे तोडकऱ्यांकडून पेंढीच्या भावाने मिळतात. काही ठिकाणी ऊस आपलाच असतो, मग वाढे जवळजवळ फुकटच. मका विकत घ्यायला नको, घास कापायला माणूस नको. त्यामुळे पुढचे चार महिने अनेक दावणींना वाढ्याशिवाय दुसरी हिरवी वैरण दिसत नाही. आणि याच दिवसांत गावोगावी एक तक्रार हमखास कानावर येते: गाय काल व्याली, चीक भरपूर दिला, आज सकाळी बसली ती उठेना.

चांगली संकरित गाय आज लाखाच्या आसपास जाते. बऱ्याच जणांनी ती कर्जावर घेतलेली असते. अशी गाय व्याल्यावर दोन दिवसांत दगावली तर नुसती गाय जात नाही, वर्षभराचं दुधाचं बिल जातं आणि हप्ता मात्र तसाच राहतो. म्हणून हे बसणं नेमकं कशामुळे होतं, त्यात वाढ्याचा दोष किती आणि गोठ्यावरच्या सवयींचा किती, हे समजून घेणे गरजेचे आहे.

गाय आधी पोटातल्या जंतूंना जेवू घालते

गाय-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यातले कोटीपोट सर्वांत मोठे. मोठ्या गाईचे कोटीपोट शंभर लिटरहून जास्त माल धरते. तिथे पाचक रस नसतो. तिथे कोट्यवधी जिवाणू, आदिजीव आणि थोडी बुरशी असते आणि कडबा, गवत, पेंड या सगळ्यावर पहिला हक्क त्यांचा. माणसाला कडबा पचत नाही, गाईला पचतो, तो या जंतूंमुळे.

जंतू वैरण आंबवतात आणि त्यातून तीन प्रकारची आम्ले तयार होतात. अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक भाग या आम्लांतूनच मिळतो. कडबा, गवत अशा तंतुमय वैरणीतून अ‍ॅसेटिक जास्त तयार होते आणि दुधाची फॅट त्यातून बनते. मका भरडा, धान्य यातून प्रोपिऑनिक जास्त बनते. त्याचे यकृतात ग्लुकोज होते आणि त्या ग्लुकोजपासून दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज बनते. दूध किती लिटर निघणार हे या लॅक्टोजवर ठरते. डेअरीच्या पावतीवर फॅट का घसरली याचे उत्तर बऱ्याचदा इथेच सापडते, मशीनमध्ये नाही.

जंतू स्वतःही वाढतात आणि मरतात. ते पुढे खऱ्या पोटात व आतड्यात गेले की गाय त्यांनाच पचवते आणि त्यातून तिला प्रथिने मिळतात. पण जंतू वाढायला त्यांना नायट्रोजन लागतो. वैरणीतली प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की जंतूंची वाढ मंदावते, वैरण पोटात रेंगाळते आणि गाय खाणं कमी करते. वाढ्याच्या कोरड्या भागात प्रथिने जेमतेम पाच-सहा टक्के असतात. नुसत्या वाढ्यावर पोट भरलेली गाय दिसायला टम्म, पण दूध नाही, याचं पहिलं कारण हे.

चीक आणि रक्त

आता बसणाऱ्या गाईकडे येऊ. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडते. कान गार, नाकपुडी कोरडी, मान एका बाजूला वळवून डोके पोटावर टेकलेले. सुरुवातीला गाय थोडी थरथरते, मागच्या पायावर झोकांड्या खाते, मग बसते. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत हे घडते, क्वचित व्यायच्या आधीही. तिसऱ्या वेतापासून पुढे आणि जास्त दुधाच्या गाईत जास्त. जर्सी रक्ताच्या गाईत तर आणखी.

कारण साधे आहे. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संपूर्ण अंगातल्या रक्तद्रवाचा हिशेब केला तर ते भरते साधारण ३ ग्रॅम. चिकाच्या एका लिटरमध्ये मात्र २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हणजे १० लिटर चीक निघाला तर २० ग्रॅम कॅल्शियम गेले. रक्तातल्या साठ्याच्या सहा-सात पट! हे भरून काढायला गाईला दोनच जागा आहेत, हाडे आणि आतडे. हाडांतले कॅल्शियम सोडायला आणि आतड्यातून जास्त ओढून घ्यायला गळ्याजवळच्या एका ग्रंथीचे संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व लागते. ही यंत्रणा चालू व्हायला दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या वेळात रक्तातले कॅल्शियम निम्म्यावर आले की स्नायू काम सोडून देतात. पायाचे स्नायू, पोटाचे, शेवटी हृदयाचे.

वाढ्याचा दोष कुठे येतो? वाढ्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो. नेपिअरसारख्या गवतात आणि भाताच्या पेंढ्यातही तो असतो. ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. जो जोड तयार होतो तो विरघळत नाही, शेणावाटे निघून जातो. गव्हाणीत कॅल्शियम असूनही गाईला मिळत नाही. दुधात असलेली गाय महिनोन्‌महिने अशा वैरणीवर राहिली तर ती कॅल्शियम हाडांतून उपसत राहते. पुढच्या वेताला हाडांचा साठा कमी, आणि व्याल्यावर आतड्यातून भरपाई करायची वेळ येते तेव्हा गव्हाणीत परत वाढेच.

तरीही ‘वाढे घातले म्हणून गाय बसली’ असं सरळ समीकरण नाही. घास आणि मक्यावर उत्तम सांभाळलेल्या गाईही बसतात. त्याचे कारण बऱ्याचदा व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत असते.

व्यायच्या आधी कॅल्शियमची बाटली : चांगला हेतू, उलटा परिणाम

गाय बसू नये म्हणून अनेक गोठ्यांवर आठव्या-नवव्या महिन्यात कॅल्शियमची बाटली रोज पाजली जाते. काही जण त्या काळात घासही मुद्दाम वाढवतात. हे थांबवायला हवे. शेवटच्या तीन आठवड्यांत बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले तर गाईच्या त्या ग्रंथीला काम उरत नाही. ती सुस्त होते. व्याल्यावर अचानक मागणी वाढली की हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच मोडलेली असते. बाटली रोज पाजलेली गाय बसली की मालक म्हणतो, एवढं घालूनही बसलीच! खरं तर एवढं घातल्यामुळेही ती बसलेली असू शकते.

घासाचे दुखणे दुहेरी आहे. त्यात कॅल्शियम जास्त आणि पोटॅशियमही जास्त. पोटॅशियम वाढले की रक्त अल्कधर्मी बाजूला झुकते आणि ते संप्रेरक हाडांवर नीट काम करीत नाही. घास ही दुभत्या गाईची उत्तम वैरण आहे, पण व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत तो हात राखून द्यावा. या काळासाठी वेगळे क्षार मिश्रण मिळते, त्याला अ‍ॅनायोनिक मिश्रण म्हणतात. ते रक्ताला थोडे आम्लाकडे नेते. चवीला ते कडवट असते, गाय नाक मुरडते, म्हणून खुराकात मिसळून द्यावे लागते. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे आणि व्याल्याबरोबर बंद करावे.

व्याल्यानंतर मात्र कॅल्शियम हवेच. ज्या गाईला मागच्या वेतात त्रास झाला होता तिला व्याल्याबरोबर, उभी असताना, तोंडावाटे कॅल्शियम जेल देता येते. अशा गाईची पहिले दोन दिवस पूर्ण धार काढू नये. वासराला लागेल तेवढा चीक काढून बाकी कासेत राहू द्यावा. वासराचा चीक मात्र चुकवायचा नाही. जन्मल्यापासून तासा-दोन तासांत पहिला चीक आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. खरवसाचा वाटा त्यानंतर.

गाय बसलीच तर तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तिला बाटलीने काहीही पाजू नये, कारण गिळण्याचे स्नायू ढिले पडलेले असतात आणि पाजलेले फुफ्फुसात जाते. गाय मग कॅल्शियमने उठते आणि न्यूमोनियाने जाते. तिला आडवी पडू देऊ नये, छातीवर बसती ठेवावी, दोन्ही बाजूंनी भुशाच्या पोत्यांचा टेका द्यावा, खाली माती किंवा वाळू टाकावी आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे.

शिरेतून द्यायचे कॅल्शियम सावकाश, हृदयाचे ठोके बघत द्यावे लागते. घाईने गेले तर हृदय थांबते. गावातल्या जाणत्या माणसाच्या हातात सलाईनची सुई देण्याचा मोह इथे जीवघेणा ठरतो. वेळेत औषध मिळाले तर बहुतेक गाई काही तासांत उठतात. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणत रात्र काढली तर गाईच्या स्वतःच्याच वजनाखाली मांडीचे स्नायू आणि नसा दबून निकामी होतात. मग रक्तातले कॅल्शियम भरून निघाले तरी गाय उठत नाही.

पंधरा दिवसांनी पेंड नाकारणारी गाय

दुग्धज्वर टळला म्हणजे सुटलो असे नाही. व्याल्यावर दूध चढते ते सहा-आठ आठवड्यांत शिखरावर जाते. गाईची भूक मात्र हळू वाढते, ती पूर्ण यायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दूध जेवढी ऊर्जा मागते तेवढी गाय खाऊच शकत नाही. फरक ती अंगावरच्या चरबीतून भरते. थोडी चरबी वितळली तर चालते. फार वितळली तर यकृताला झेपत नाही, त्यात चरबी साठते आणि अर्धवट जळलेल्या चरबीतून कीटोन नावाचे पदार्थ रक्तात येतात. हा किटोसिस.

याची ओळख सोपी आहे. गाय पेंड, गोळी, भरडा नाकारते, पण कडबा चघळते. दूध रोज थोडे थोडे उतरते. शेण घट्ट, वर चकाकी. श्वासाला, कधी दुधालाही, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास. महिन्याभरात गाय खंगलेली दिसते.

किटोसिस झालेल्या गाईला गुळाचे पाणी पाजायची पद्धत सर्रास आहे. पण गाईच्या पोटाचा विचार केला तर ते लागू पडत नाही. पाजलेला गूळ बराचसा कोटीपोटातच आंबून जातो, साखर म्हणून रक्तात पोहोचतो तो थोडाच. गाय आपले ग्लुकोज यकृतात स्वतः बनवते. म्हणून डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात आणि तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल देतात, ज्याचे यकृतात ग्लुकोज होते.

हा त्रास आटवलेल्या काळात सुरू होतो. भाकड आहे, गाभण आहे, खाऊ दे बिचारी, म्हणून गाय फार जाड केली तर व्याल्यावर तीच आधी खाणं सोडते आणि तिचीच चरबी जास्त वितळते. आणि उलट टोकाला, दूध नाही म्हणून नुसत्या कडब्यावर ठेवलेली गाय व्यायला येते तेव्हा तिच्या अंगावर काहीच नसते. हा दुसरा प्रकार जिल्ह्यात जास्त दिसतो. वासराचे पोटातले वजन शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच झपाट्याने वाढते, हे त्यात विसरले जाते. व्यायला आलेल्या गाईच्या बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात दाबला की बोटांना लागाव्यात, इतपत अंग असावे.

गाय व्यायच्या साधारण ६० दिवस आधी आटवावी. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक एक किलोपासून सुरू करून दोन-अडीच किलोपर्यंत न्यावा. यामुळे दूध वाढते असे नाही. व्याल्यावर जो खुराक मिळणार आहे त्याची सवय कोटीपोटातल्या जंतूंना लागते. जंतूंची जमात बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. वैरण किंवा पेंड एका दिवसात बदलू नये, याचे कारण हेच.

माजावर न येणे, भरवली तरी उलटणे या तक्रारी बऱ्याचदा याच काळाचा हिशेब असतो. अंग खंगत असताना गाईचे शरीर पुढच्या गाभणपणाची तयारी करत नाही. कांडी बदलून, रेतन करणारा बदलून फारसा फरक पडत नाही.

रोजचा ताळमेळ कसा धरावा

वैरण पाटीने मोजली जाते, पण गाईला लागतो तो पाणी वजा जाता उरलेला कोरडा भाग. साधारण ४५० किलोच्या दुभत्या संकरित गाईला वजनाच्या ३ टक्के, म्हणजे रोज साडेतेरा किलो कोरडा भाग हवा. हिरव्या मक्यात किंवा घासात पाचवा हिस्साच कोरडा असतो, बाकी पाणी. कडबा आणि पेंडीत ९० टक्के कोरडा.

१५ लिटरच्या गाईचा हिशेब असा बसतो. हिरवा मका २० किलो, त्यातून ४ किलो. घास ५ किलो, त्यातून १. कडबा कुट्टी ३ किलो, त्यातून २.७. खुराक साडेसहा किलो, त्यातून जवळपास ५.८. बेरीज साडेतेरा. खुराकाचा ढोबळ नियम गाईला लिटरमागे ४०० ग्रॅम आणि म्हशीला ५०० ग्रॅम, शिवाय अंग राखण्यासाठी एक-दीड किलो. हिरवी वैरण किंवा मुरघास चांगला असेल तर यात कपात करता येते. त्यामुळे वरच्या हिशेबात खुराक थोडा कमी धरला आहे. पाण्याचे काय? लिटरभर दुधामागे चार-पाच लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाण्यात कंजूषी झाली की पहिला फटका दुधालाच.

हे सगळं सहा गाईंना सारखंच वाटून टाकायची सवय मात्र महागात पडते. ५ लिटरच्या गाईला १५ लिटरचा खुराक म्हणजे पेंड वाया, आणि २० लिटरच्या गाईला तोच खुराक म्हणजे गाय वाया. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा हिशेब काढण्यासाठी ‘पशु पोषण’ नावाचे मोबाईल अ‍ॅप केले आहे. गाईचे वजन, दूध, फॅट आणि आपल्याकडे असलेली वैरण भरली की ते प्रमाण काढून देते.

लग्नाचं उरलेलं अन्न

लग्नसराईत, जत्रेत उरलेला भात, पुऱ्या, बुंदी गोठ्यात येते. टाकून देण्यापेक्षा गाईच्या मुखी पडलेलं बरं, ही भावना. पण शिजवलेल्या भाताचा आणि पिठाचा स्टार्च कोटीपोटात फार वेगाने आंबतो. निरोगी कोटीपोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असतो. असा ढीग पोटात गेला की लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू ५ किंवा त्याखाली जातो. कडबा पचवणारे जंतू मरतात. गाय रवंथ सोडते, आंबट वासाचे पातळ शेण टाकते, दात खाते, अंगातले पाणी पोटाकडे ओढले जाते आणि एका दिवसात गाय जाऊ शकते. खळ्यावर सुटलेल्या शेळीने धान्यावर ताव मारला की तिचेही हेच. अशा वेळी पाणी आणि औषधपाणी डॉक्टरांच्या हाताने, घरचे प्रयोग नकोत.

हाच प्रकार सौम्य रूपात कित्येक गोठ्यांत रोज चालू असतो. खुराक जास्त, कडबा कमी. गाय रोज शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते आणि लाळेत सोडा असतो, तो पोटातले आम्ल मारतो. पण लाळ सुटते रवंथ केल्यावर, आणि रवंथ होतो लांब धाग्याच्या वैरणीवर. कुट्टीचा पार भुसा केला तर रवंथ कमी होतो. तुकडा अर्ध्या ते एक इंचाचा असावा. फॅट साडेतीनच्या खाली जाऊन दर कापला जातो तेव्हा पेंड वाढवण्याआधी कडबा किती जातोय ते बघावे. चांगली गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. दुपारी गोठ्यात उभे राहून मोजावे. निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्यांचे तरी तोंड हलत असले पाहिजे.

शेणही बरंच सांगतं. खापरीसारखे पडून मध्ये किंचित खळगा राहणारे शेण चांगले. पातळ, फेसाळ शेण आणि त्यात अख्खे मक्याचे दाणे म्हणजे खुराक न पचता निघून चाललाय.

क्षार मिश्रण

चिंध्या, हाडे, प्लास्टिक, माती चघळणारी गाय खोडकर नसते. तिला बहुधा फॉस्फरस किंवा इतर क्षार कमी पडत असतात. म्हशीत व्याल्यानंतर काही दिवसांत लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते, तेही बऱ्याचदा फॉस्फरसच्या कमतरतेने. रक्तातल्या पेशी फुटतात, म्हैस पांढरी पडते. तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नये.

दुभत्या जनावराला रोज ५० ते १०० ग्रॅम क्षार मिश्रण आणि साधारण ३० ग्रॅम मीठ खुराकातून द्यावे. चाटणवीट टांगली म्हणजे काम झाले असे समजू नये, विटेत मुख्यतः मीठ असते आणि गाय त्यातून गरजेएवढे क्षार घेऊ शकत नाही. फक्त कॅल्शियमची बाटली म्हणजेही क्षार मिश्रण नव्हे. त्यात तांबे, जस्त, कोबाल्ट, मँगनीज, आयोडीन नसते.

सोयाबीनचे गुळी, भाताचा पेंढा, बुरशी

निकस वैरणीत प्रथिने वाढवायची जुनी पद्धत म्हणजे युरिया प्रक्रिया. १०० किलो पेंढा किंवा गव्हाच्या काडाला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून घट्ट दाबायचा, प्लास्टिकने हवाबंद करायचा आणि २१ दिवस ठेवायचा. घालण्याआधी तासभर उघड्यावर पसरायचा, म्हणजे अमोनियाचा वास उडतो. सहा महिन्यांखालच्या वासरांना घालू नये. युरियाचे पाणी बादलीत उघडे ठेवून कुणी क्षणभर दुसरीकडे गेले आणि गाईने ते प्यायले तर ती हाताशी लागत नाही, हे ध्यानात ठेवूनच हे काम करावे. सोयाबीनचे गुळी प्रक्रिया न करता कडब्यात मिसळून थोडे थोडे चालते.

मुरघासावर आता गावोगावी माहिती आहे. मका दाण्यात चीक भरून घट्ट होत असताना कापणे, हवा राहणार नाही इतका दाबणे आणि ४५ दिवस न उघडणे एवढे पाळले तर काम होते. उघडल्यावर वरचा काळा-पांढरा बुरशीचा थर फेकून द्यावा, गाभण गाईला तर मुळीच घालू नये.

भिजलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफलाटॉक्सिन तयार होते. ते दुधातही उतरते. दुधातल्या त्याच्या एम१ या रूपाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. पोती भिंतीला टेकवून ओल्या फरशीवर ठेवण्याऐवजी फळीवर ठेवली तर बराच धोका कमी होतो.

ढेकर आणि मिथेन

कोटीपोटात आंबताना कर्बवायू आणि मिथेन तयार होतो, तो गाय ढेकरेतून सोडते. हवा तापवणारा वायू म्हणून जगभर यावर चर्चा आहे. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर मिथेन म्हणजे न झालेलं दूध. वैरणीतली २ ते १२ टक्के ऊर्जा या वायूबरोबर उडून जाते आणि निकस वैरणीवर ते प्रमाण जास्त असते. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गोवर्गीय जनावरे मोजली गेली, त्यातली बरीच अशाच वैरणीवर आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या बंगळुरूच्या पशुपोषण संस्थेने टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचे पूरक खाद्य तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असे संस्थेचे म्हणणे आहे. संतुलित आहारानेही लिटरमागचा मिथेन घटतो, कारण तेवढ्याच ढेकरांत दूध जास्त निघते.

या हंगामात वाढे घालताना

वाढे बंद करा असे सांगण्यात अर्थ नाही, दुष्काळी वर्षात तर वाढ्यावरच जनावरे जगतात. पण हिरव्या वैरणीत वाढ्याचा वाटा निम्म्याच्या आत ठेवावा आणि उरलेल्यात मका, मुरघास किंवा घास असावा. पहिल्या दिवशीच पाटीभर घालू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवले तर कोटीपोटातल्या जंतूंना ऑक्झलेट फोडायची सवय लागते आणि नुकसान कमी होते. वाढ्याची कुट्टी करूनच घालावी, त्यावर पेंड पसरावी आणि क्षार मिश्रणाचा एकही दिवस चुकवू नये. वाढ्यावर चुन्याच्या निवळीची प्रक्रियाही करतात, त्याचे प्रमाण आपल्या दवाखान्यातून विचारून घ्यावे.

दावणीला व्यायला आलेली गाय असेल तर तिची वैरण वेगळी काढावी. शेवटच्या तीन आठवड्यांत तिला कडबा, थोडा मका आणि वाढता खुराक. कॅल्शियमची बाटली तेवढे दिवस फळीवर राहू द्यावी. ती व्याल्याच्या दिवशी काढावी आणि पहिली रात्र गोठ्यात कुणीतरी झोपावे.